शंभरातले चौपन्न

१४ जुलै २०१९ च्या रविवारी लंडनमध्ये दोन अंतिम सामने एकाच वेळी रंगात आले होते. एक लॉर्ड्सवर. तो आपल्याकडे सगळ्यांना आठवतो. इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्या धावा सारख्या झाल्या, सुपर ओव्हरमध्येही सारख्याच झाल्या, आणि शेवटी चौकार-षटकार मोजून विश्वचषक इंग्लंडला देण्यात आला. त्यावर पुढे कितीतरी दिवस कट्ट्याकट्ट्यांवर वाद चालले.

दुसरा सामना विम्बल्डनला. फेडरर विरुद्ध जोकोविच, चार तास सत्तावन्न मिनिटं. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ ने पुढे, सर्व्हिस त्याची, आणि गेममध्ये ४०-१५. म्हणजे विजेतेपदासाठी लागोपाठ दोन संधी. महिन्याभरात अडतिसावं वर्ष पूर्ण करणाऱ्या माणसाच्या हातात नववं विम्बल्डन जवळजवळ आलंच होतं. दोन्ही संधी गेल्या. सेट १२-१२ पर्यंत पोचला, टायब्रेक झाला आणि तो जोकोविचने जिंकला. सामन्यातले तिन्ही टायब्रेक त्यानेच जिंकले.

आता त्या सामन्याचा हिशेब बघा. एकूण पॉइंट फेडररचे २१८, जोकोविचचे २०४. गेम फेडररचे ३६, जोकोविचचे ३२. बिनतोड सर्व्हिस फेडररच्या २५, जोकोविचच्या १०. प्रतिस्पर्ध्याला हातही लावता आला नाही असे फटके फेडररचे ९४, जोकोविचचे ५४. करंडक जोकोविचचा. लॉर्ड्सवर निदान धावा सारख्या तरी होत्या. इथे चौदा पॉइंट जास्त मिळवणारा हरला होता आणि त्याबद्दल कुणी नियमांना दोष दिला नाही, कारण टेनिसमध्ये यात नियमबाह्य काहीच नाही.

टेनिसची गुणपद्धत आपल्या निवडणुकीसारखी आहे. एकूण मतं कुणाला किती पडली याला अर्थ नसतो, जागा किती आल्या ते बघायचं. ४०-० ने जिंकलेला गेम आणि दहा वेळा ड्यूस होऊन घामाघूम होत जिंकलेला गेम, दोन्हींची किंमत एकच. ६-१ चा सेट आणि ७-६ चा सेट, दोन्ही एकच. त्या फायनलमधला दुसरा सेट फेडररने ६-१ असा धुऊन काढला होता. तिथे मिळवलेले जास्तीचे पॉइंट त्याला पुढे कुठेच वापरता आले नाहीत.

हाच नियम उलट्या बाजूने वाचला की पुरुषांच्या टेनिसमधलं सगळ्यात मोठं कोडं सुटायला लागतं.

२०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात फेडररने भाषण केलं. त्यात त्याने विद्यार्थ्यांना स्वतःबद्दलचा एक आकडा विचारला. कारकिर्दीत एकेरीचे १५२६ सामने खेळलो, त्यातले जवळजवळ ऐंशी टक्के जिंकलो. मग पॉइंट किती टक्के जिंकले असतील? उत्तर होतं ५४. शंभरातले चौपन्न! वीस ग्रँड स्लॅम जिंकणारा, ३१० आठवडे जगात पहिला असलेला हा खेळाडू शंभरातले सेहेचाळीस पॉइंट हरत होता. नदाल आणि जोकोविच यांचाही आकडा याच्याच आसपास आहे, फार तर दशांशाने वर.

हे पहिल्यांदा वाचलं की खरं वाटत नाही. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसू या. सर्व्हिस कोणाची, दमणूक किती, हे सगळं बाजूला ठेवू आणि समजू की एका खेळाडूला प्रत्येक पॉइंट जिंकण्याची शक्यता चौपन्न टक्के आहे. मग गेम जिंकण्याची शक्यता किती येते? साठ टक्के. कारण गेमला निदान चार पॉइंट लागतात आणि वर दोनची आघाडी लागते. लहानसा फरक तिथे एकदा फुगतो. सेटला सहा गेम लागतात, तिथे तो पुन्हा फुगतो: सेट जिंकण्याची शक्यता शहात्तर टक्के. तीन सेटांच्या सामन्यात ती शहाऐंशी होते आणि ग्रँड स्लॅममधल्या पाच सेटांच्या सामन्यात एक्याण्णव. चौपन्नापासून एक्याण्णवपर्यंत! मधे खेळाडूने जास्तीचं काहीच केलेलं नाही. जे केलं ते मोजणीने.

(फेडररचे विजय मोजले तर १५२६ पैकी १२५१, म्हणजे ब्याऐंशी टक्के येतात. आपल्या गणितापेक्षा किंचित कमी, कारण माणूस रोज चौपन्न टक्क्यांचा नसतो. कधी तो साठ टक्क्यांचा असतो, तर कधी समोर नदाल असतो.)

म्हणजे पहिल्या क्रमांकाचा खेळाडू आणि पन्नासाव्या क्रमांकाचा खेळाडू यांच्यात आपल्याला जमीन-अस्मानाचं अंतर दिसतं, ते एकेका फटक्यात शोधायला गेलो तर सापडतच नाही. सरावाच्या कोर्टवर दोघे शेजारी शेजारी खेळत असतील तर बहुतेकांना कोण कोणता हे सांगता येणार नाही. शंभर पॉइंटांत तीन-चार पॉइंट इकडचे तिकडे, एवढंच ते अंतर. ते रोज, वर्षानुवर्षं, पॅरिसच्या लाल मातीत आणि मेलबर्नच्या उन्हात टिकवून धरणं ही मात्र सगळ्यांच्या आवाक्यातली गोष्ट नाही.

तिघांनी ते टिकवलं. फेडररच्या २००३ च्या विम्बल्डनपासून जोकोविचच्या २०२३ च्या अमेरिकन ओपनपर्यंत ८१ ग्रँड स्लॅम स्पर्धा झाल्या. त्यातल्या ६६ या तिघांनी जिंकल्या: जोकोविच २४, नदाल २२, फेडरर २०. उरलेल्या पंधरा बाकी सगळ्या जगाने वाटून घेतल्या, आणि त्यातल्याही सहा मरे आणि वावरिन्का यांनी प्रत्येकी तीन अशा उचलल्या. नदालचं पॅरिस तर वेगळंच प्रकरण आहे. फ्रेंच ओपनमध्ये तो ११६ सामने खेळला आणि चार हरला. विजेतेपदं चौदा.

एवढी मक्तेदारी फक्त गणिताने येत नाही. गणित आधीही हेच होतं, आणि तरी पीट सॅम्प्रासला चौदा ग्रँड स्लॅम जिंकूनही पॅरिसमध्ये उपांत्य फेरीच्या पुढे जाता आलं नाही. त्या काळात मातीवरचे राजे वेगळे आणि गवतावरचे वेगळे. पॅरिसच्या मातीवर चेंडू संथ येतो आणि उंच उसळतो, विम्बल्डनच्या गवतावर तो खाली राहून सरकन निघून जायचा. १९८० साली बियाँ बोर्गने एकाच उन्हाळ्यात दोन्ही स्पर्धा जिंकल्या, त्यानंतर अठ्ठावीस वर्षं कुणालाही ते जमलं नाही. मग २००८ मध्ये नदाल, २००९ मध्ये फेडरर, २०१० मध्ये पुन्हा नदाल. आता ते नवलाचंही राहिलेलं नाही.

मधे दोन-तीन गोष्टी घडल्या होत्या. २००१ मध्ये विम्बल्डनने आपलं गवत बदललं. आधी दोन जातींचं मिश्रण असायचं, आता पूर्णपणे एकच राय गवत. जमीन टणक झाली, चेंडूची उसळी खात्रीची झाली. त्याच वर्षी तिथे सोळाऐवजी बत्तीस खेळाडूंना मानांकन द्यायला सुरुवात झाली, त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांत बड्या खेळाडूसमोर दुसरा मानांकित येण्याची भीतीच संपली. आणि रॅकेटच्या तारा बदलल्या. १९९७ मध्ये ब्राझीलचा गुस्तावो कुर्तेन पॉलिएस्टरच्या तारा लावून आला आणि फ्रेंच ओपन जिंकून गेला. या तारा फटक्याच्या क्षणी बाजूला सरकतात आणि झटकन जागेवर येतात, त्यामुळे चेंडूला जबरदस्त फिरकी मिळते. पुढच्या दिशेने फिरणारा चेंडू हवेतच खाली ओढला जातो. म्हणजे तो जाळीच्या हातभर वरून, जीव खाऊन मारला तरी कोर्टातच पडतो. ज्याच्याकडे पाय आणि फिरकी आहे, त्याला आता एकच खेळ घेऊन वर्षभर सगळीकडे जिंकता येऊ लागलं.

फिरकीचा विषय निघाला की नदालकडे यावंच लागतं. हा माणूस लिहितो उजव्या हाताने आणि टेनिस खेळायचा डाव्या. त्याचा फोरहँड मोजला गेला तेव्हा चेंडू मिनिटाला सरासरी ३२०० फेरे घेत होता, आणि काही फटक्यांत ४९०० च्या आसपास. सॅम्प्रास-आगासी यांच्या काळात हा आकडा १८००-१९०० होता. डावखुऱ्याचा हा फोरहँड कोर्टाच्या तिरक्या रेषेत नैसर्गिकपणे जिथे जातो, तिथे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॅकहँड असतो. फेडररचा बॅकहँड एका हाताचा. दिसायला इतका देखणा फटका टेनिसमध्ये क्वचितच असेल, पण तो कमरेच्या उंचीवर. मातीवर नदालचा चेंडू खांद्याच्या वर उसळायचा आणि एका हाताने तिथून जोर काढणं जवळपास अशक्य. एक चेंडू तिथे, दुसरा तिथे, पन्नासावा तिथेच. यात गुंतागुंतीची रणनीती काही नव्हती. मातीवर हे दोघे सोळा वेळा भेटले आणि नदाल चौदा वेळा जिंकला.

डाव्या हाताचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला जास्त सुंदर वाटतो, कारण तो गुणपद्धतीतच दडलेला आहे. प्रत्येक गेमचा पहिला पॉइंट कोर्टाच्या उजव्या भागातून सर्व्हिस करून सुरू होतो, दुसरा डाव्या भागातून, आणि असंच आलटून पालटून. आता सर्व्हिस मोडण्याची संधी कधी येते ते मोजा. ३०-४० ला पाच पॉइंट झालेले असतात, म्हणून सर्व्हिस डावीकडून. ०-४० ला तीन, डावीकडून. ड्यूसनंतरचा अ‍ॅडव्हान्टेज, नेहमी डावीकडून. फक्त १५-४० ला उजवीकडून. म्हणजे गेममधले बहुतेक जीवघेणे पॉइंट कोर्टाच्या एकाच बाजूला खेळले जातात, आणि नेमकी तीच डावखुऱ्याची लाडकी बाजू: तिथून त्याची वळणारी सर्व्हिस समोरच्या उजव्या हाताच्या खेळाडूला बॅकहँड ताणत कोर्टाबाहेर घेऊन जाते. २००७ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात फेडररला नदालची सर्व्हिस मोडण्याच्या सतरा संधी मिळाल्या. त्याने साधली एक.

त्याच वर्षी मे महिन्यात, स्पेनमधल्या पाल्मा इथे या दोघांसाठी एक चमत्कारिक कोर्ट तयार केलं होतं. जाळीच्या एका बाजूला माती, दुसऱ्या बाजूला गवत. नदाल तेव्हा मातीवर सलग ७२ सामने अजिंक्य होता, फेडरर गवतावर ४८. बाजू बदलताना दोघे बूट बदलत होते. नदाल जिंकला, तेही शेवटच्या टायब्रेकमध्ये १२-१० असा. प्रदर्शनी सामना होता, नोंदीत त्याला काही किंमत नाही. पण 'कोण श्रेष्ठ' या प्रश्नात 'कुठे?' हा शब्द किती खोलवर रुतलेला आहे, हे इतक्या थेटपणे दुसऱ्या कुठल्या सामन्याने दाखवलं नसेल.

कारण श्रेष्ठत्व ही सरळ उतरंड असेल असं आपण धरून चालतो, आणि टेनिस ते मानत नाही. फेडररने रशियाच्या निकोलाय दाविदेन्कोला १९ वेळा हरवलं आणि तो त्याच्याकडून फक्त दोनदा हरला. नदालने फेडररला २४ वेळा हरवलं आणि १६ वेळा हार पत्करली. मग नदालसमोर दाविदेन्कोचं काय व्हायला हवं? दाविदेन्को नदालवर ६-५ ने पुढे राहून निवृत्त झाला! हे विजय हार्ड कोर्टवरचे. तिथे दाविदेन्को चेंडूला उसळून वर जायला वेळच द्यायचा नाही. टप्पा पडताक्षणी, बेसलाइनच्या आत उभा राहून मारायचा. नदालचं मुख्य शस्त्र म्यानातून बाहेर यायच्या आतच निकामी. तेच फेडररसमोर चालत नव्हतं, कारण लवकर चेंडू घेण्यात फेडरर त्याचा बाप होता.

जोकोविचने नदालचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. त्याचा बॅकहँड दोन हातांचा. खांद्याच्या उंचीवर आलेला चेंडू त्याला जड जात नाही, उलट तो तिथूनच रेषेवर सरळ मारतो. दोघांचे साठ सामने झाले, जोकोविच ३१, नदाल २९. मातीवर नदाल २०-९, हार्ड कोर्टवर जोकोविच २०-७, गवतावर २-२. २०१३ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यानंतर नदालला हार्ड कोर्टवर जोकोविचला एकदाही हरवता आलं नाही.

प्रतिस्पर्ध्याचा खरा उपयोग इथे कळतो. तो तुमच्या खेळातलं नेमकं कच्चं ठिकाण दाखवतो, आणि ते सगळ्या जगासमोर दाखवतो. फेडररला आपला बॅकहँड कुठे तुटतो हे दहा वर्षं माहीत होतं. शेवटी त्याने वर्षानुवर्षं वापरलेली नव्वद चौरस इंचांची रॅकेट सोडून सत्त्याण्णवची घेतली, आणि २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, सहा महिने दुखापतीने बाहेर राहून परतल्यावर, नदालसमोर पाचव्या सेटमध्ये १-३ अशा पिछाडीवरून तोच बॅकहँड पुढे येऊन, सपाट, न घाबरता मारायला सुरुवात केली. सलग पाच गेम जिंकून त्याने सामना घेतला. वय पस्तीस. त्या वर्षी दोघे चार वेळा भेटले, चारही वेळा फेडरर जिंकला. नदाल भेटला नसता तर फेडररने ती रॅकेट बदलली असती का? मला तरी वाटत नाही.

दोन खेळाडूंमधलं अंतर पार मिटलं की सामन्यांचं काय होतं, याचा एक नमुना आपल्याकडेही येऊन गेला आहे. पुण्यात बालेवाडीला जानेवारी २०१९ मध्ये महाराष्ट्र ओपनचा अंतिम सामना झाला: केविन अँडरसन विरुद्ध इव्हो कार्लोविच. एकाची उंची सहा फूट आठ इंच, दुसऱ्याची सहा फूट अकरा इंच. दोघांच्या सर्व्हिस मोडणं कठीण. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले आणि अँडरसन जिंकला. हाच अँडरसन सहा महिन्यांपूर्वी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत जॉन इस्नरला पाचव्या सेटमध्ये २६-२४ असा हरवून आला होता. त्या सामन्यामुळेच विम्बल्डनने १२-१२ ला टायब्रेकचा नियम आणला, आणि तो नियम अंतिम सामन्यात पहिल्यांदा कुणाला भोवला ते सुरुवातीला सांगून झालं आहे.

इस्नरचं नाव निघालंच आहे म्हणून: २०१० मध्ये त्याने माहुतला पाचव्या सेटमध्ये ७०-६८ असं हरवलं, तीन दिवसांत मिळून अकरा तास पाच मिनिटं खेळून. माहुतने त्यात ५०२ पॉइंट जिंकले होते, इस्नरने ४७८.

तिघांचं राज्य संपल्यावर सगळं मोकळं होईल, दरवर्षी चार नवे विजेते दिसतील, असं बऱ्याच जाणकारांना वाटत होतं. झालं उलटंच. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांतल्या आठही ग्रँड स्लॅम स्पर्धा दोघांनीच वाटून घेतल्या, यानिक सिन्नर आणि कार्लोस अल्काराझ, प्रत्येकी चार. बाकीच्यांसमोर यांचा तो चार पॉइंटांचा फरक गुणपद्धत फुगवत राहते. एकमेकांसमोर मात्र फुगवायला काही शिल्लकच राहत नाही. ८ जून २०२५ ला पॅरिसमधला त्यांचा अंतिम सामना पाच तास एकोणतीस मिनिटं चालला, फ्रेंच ओपनच्या इतिहासातला सगळ्यात लांब अंतिम सामना. सिन्नरचे पॉइंट १९३, अल्काराझचे १९२. जिंकला अल्काराझ.

ग्रँड स्लॅममध्येही पुरुषांचे सामने तीन सेटांचे करा, अशी मागणी अधूनमधून होते. लोकांना वेळ नाही, दूरदर्शन वाहिन्यांना वेळापत्रक हवं, खेळाडूंची शरीरं थकतात, ही सगळी कारणं खरी आहेत. पण वरचं गणित पुन्हा बघा. पाच सेटांऐवजी तीन केले की चौपन्न टक्क्यांच्या माणसाची हरण्याची शक्यता शंभरात नवांवरून चौदांवर जाते. अव्वल खेळाडूची सत्ता आणि तिला लागणारे सुरुंग, दोन्ही या लांबीतूनच येतात. तीन सेटांचा नियम असता तर पॅरिसमध्ये सिन्नर पहिले दोन सेट घेऊन दोन-अडीच तासांत घरी गेला असता आणि तो सामना आज कुणाच्या लक्षात राहिला नसता. पाच सेट राहू द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तो सामना पाहिला नसेल तर चौथ्या सेटपासून पाहा. सिन्नर ५-३ ने पुढे आहे, सर्व्हिस अल्काराझची, ०-४०. विजेतेपदासाठी तीन संधी. सर्व्हिस कोणत्या बाजूने होते आहे तेही बघून ठेवा.